नारळ कोकणात नेताना

परबांच्या घरातली चार माणसं एकाच रात्री, एकाच गाडीने, एकाच गावाला निघाली होती आणि चौघांचे दर्जे वेगवेगळे होते. सासरे लवू परब एसी टू टियरमध्ये. सासूबाई नलिनी एसी थ्रीमध्ये. नवी सून दर्शना स्लीपरमध्ये, अर्ध्या बर्थवर. आणि ज्याने ही सगळी व्यवस्था केली तो दर्शनाचा नवरा निलेश जनरलमध्ये, उभा.

निलेशची योजना मुळात वाईट नव्हती. "चार माणसं, चार फोन. एकाच वेळी सगळ्यांनी बुकिंगला बसायचं. एकाचं लटकलं तर दुसऱ्याचं होईल," असं त्याने विक्रोळीच्या घरात सकाळच्या चहाला जाहीर केलं, तेव्हा ते सगळ्यांना पटलं होतं. कुणी कुठल्या डब्याचं, कुणाचं तिकीट काढायचं, एवढंच ठरवायचं राहिलं. लवू परबांनी स्क्रीनवर जे पहिलं दिसलं त्यावर बोट ठेवलं आणि स्वतःला टू टियर मिळवून दिलं. नलिनीबाईंनी शांतपणे चष्मा पुसला, एक थ्री एसी काढलं आणि डाळ शिजत घातली. दर्शनाने मरोळच्या ऑफिसला जाताना बसमध्ये उभ्याउभ्या स्लीपर काढलं. ते आरएसी निघालं, म्हणजे बर्थ एक आणि बसायला दोघं. निलेश तिघांना फोनवरून सूचना देत राहिला. स्वतःचं तिकीट काढायची त्याला आठवण झाली तेव्हा गाडीत फक्त जनरल उरलं होतं.

"अख्खी फॅमिली एका गाडीत आहे ना?" तो म्हणाला. "मग झालं तर! झकास!"

पण खरा प्रश्न तिकिटांचा नव्हताच. नारळाचा होता.

परबांच्या घरात रीत अशी की, लग्नानंतर सून पहिल्यांदा गावी जाते तेव्हा मुंबईच्या देव्हाऱ्यासमोर गाऱ्हाणं घालून, म्हणजे देवाला विनवून, भेटीचा नारळ उचलते आणि तो गावच्या देवळाच्या पायरीपर्यंत घेऊन जाते. वाटेत नारळ जमिनीला लागता कामा नये. सुनेने तो हातात धरावा, मांडीवर घ्यावा, फार तर घरच्या माणसाकडे द्यावा. खाली मात्र ठेवायचा नाही. कोकणात मुंबईहून नारळ न्यायचा, हे ऐकून दर्शना आधी हसली होती. मग कळलं की हा नारळही गावचाच. लवू परबांचे थोरले भाऊ दरवर्षी पोतंभर पाठवतात, त्यातलाच. म्हणजे तोही सुट्टीला घरी निघाला होता.

"आणि लागला जमिनीला तर?" दर्शनाने लग्नानंतर लगेचच फोनवर भाऊंना विचारलं होतं. थोरल्या भावाला घरात सगळेच भाऊ म्हणत. या रीतीचे सगळे नियम त्यांच्या डोक्यात होते आणि त्यांच्या निर्णयावर अपील नव्हतं.

"देव काय रागावना नाय," भाऊ म्हणाले. "आमी फक्त ध्यानात ठेवतंव."

हे ध्यानात ठेवणं म्हणजे काय, ते निलेशने नंतर सांगितलं. गावच्या पहिल्या खेपेला सुनेच्या हातून जी काही गडबड होते तिच्यावरून भाऊ तिला नाव ठेवतात आणि ते जन्मभर टिकतं. खुद्द भाऊंच्या बायकोला पहिल्या खेपेला एसटीत घाट लागला आणि त्यांनी जे करायचं ते थेट कंडक्टरच्या पिशवीत केलं. तेव्हापासून त्या उलटीकाकी. पुढे उलटीकाकी सरपंच झाल्या. निवडणुकीच्या पत्रकावर कंसात तेच नाव छापावं लागलं, नाहीतर उभं कोण आहे हे लोकांना कळलं नसतं. चुलत जाऊबाई शर्यतीत फार मागे नव्हती. ती पहिल्या दिवशी न्हाणीघरात अडकली, सुताराने दार कापून काढलं, आणि आता तिच्या मुलांच्या शाळेतही तिला कुलूपवहिनी म्हणतात.

"आणि आईंचं नाव काय?" दर्शनाने विचारलं.

"आईला नाहीये नाव. ती एकटीच सुटली. कशी सुटली, ते भाऊंना अजून कळलेलं नाही."

दर्शनाने तेव्हाच ठरवलं की, आपणही सुटायचं. बोरिवलीत वाढलेली मुलगी ती. उरलेलं आयुष्य 'नारळपाडी' म्हणून काढायला ती तयार नव्हती.

ठाणे स्टेशनवर चौघांची चार दिशांना पांगापांग झाली. एसीचे डबे पुढे, स्लीपर मध्ये, जनरल पार शेवटी. दर्शनाच्या हातात लाल फडक्यात बांधलेला नारळ होता. शेंडी तेवढी बाहेर. नलिनीबाईंच्या खांद्याला एक निळी रेक्झिनची पिशवी होती.

"अगं, ती पिशवी तरी ठेव खाली, खांदा गेला तुझा," लवू परब म्हणाले.

"असू दे," नलिनीबाई म्हणाल्या. मग सुनेकडे वळून, "दर्शना, झोप लागली तरी हात सोडायचा नाही. काय?"

"हो आई."

"अगं आई, टेन्शन नको देऊ तिला," निलेश म्हणाला. "सगळं मस्त मॅनेज केलंय मी."

तेवढ्यात गाडी आली आणि ज्याने सगळं मॅनेज केलं होतं तो जनरलकडे धावत सुटला. डब्याच्या दारात त्याचं अर्धं अंग आत गेलेलं दर्शनाने पाहिलं. उरलेलं अर्धं गेलं की नाही, ते दिसलं नाही.

स्लीपरमध्ये अर्ध्या बर्थची दुसरी मालकीण आधीच बसली होती. शर्मिष्ठाबाई राणे, भांडुपच्या, कणकवलीला निघालेल्या. जाडजूड, उत्साही, आणि गाडी सुटल्यापासून टीसीची वाट बघणाऱ्या. त्यांना एसीत जायचं होतं. "एखादा बर्थ रिकामा असतोच गं. वरचे पैसे भरते म्हटलं, पण तो टीसी डब्यात येईल तर ना!" मग त्यांची नजर नारळावर गेली आणि आवाज बदलला. "अगो बाई! भेटीचा काय? कुठलं गाव तुझं?"

"बोरिवली."

"तसं नाही. मूळ गाव?"

"बोरिवली पश्चिम," दर्शना म्हणाली. "सासर कुडाळकडचं. परब."

समोरच्या बर्थवर मूगडाळ खात बसलेले एक टक्कल पडलेले काका हे सगळं मन लावून ऐकत होते. त्यांनी पुडी दर्शनासमोर धरली. दर्शनाने नारळाकडे बघत मान हलवली. दोन्ही हात गुंतलेले होते.

पनवेल मागे पडेपर्यंत सगळं ठीक होतं. मग दर्शनाला निघतानाचा चहा आठवला. नवी सून पहिल्यांदा गावी चालली म्हणून बिल्डिंगमधल्या प्रत्येक घराने तिला बोलावून चहा पाजला होता, आणि नवी सून म्हणून तिने एकालाही नाही म्हटलं नव्हतं. तो सगळा चहा आता एकदम बाहेर जायची भाषा करायला लागला.

बाथरूममध्ये नारळ नेता येत नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने निलेशला फोन लावला.

"निलेश, ये ना इकडे! नारळ धर."

"कसा येऊ? माझा एक पाय माझा आहे, दुसऱ्यावर कोणतरी बसलंय!"

सासऱ्यांना बोलवावं, तर एसी आणि स्लीपरच्या मधलं दार बंद होतं. पुढचं स्टेशन लांब होतं. चहाला ते कळत नव्हतं. शेवटी तिने भाऊंना फोन लावला.

"भाऊ, जरा अडचण आहे. बाथरूमला जायचंय. नारळ बर्थवर ठेवला तर चालेल का?"

"बर्थार कोणकोण बसतत! नाय."

"मग... डब्याची फरशी? ती काय जमीन नाही ना, भाऊ? ती तर पळतेय."

भाऊंनी विचार केला. फोनवरसुद्धा ते विचार करताना ऐकू येत. "डब्याची फरशी ती जमीनच," त्यांनी निकाल दिला. "पळती असली म्हणान काय झाला? पाय लागता मा? मगे जमीन."

"माझ्याकडे दे गं," शर्मिष्ठाबाई म्हणाल्या. "मी धरते."

"भाऊ, इथे एक बाई आहेत, त्या धरतील म्हणतात."

"बाई खंयची? घरातली हा?"

फोन स्पीकरवर गेला. शर्मिष्ठाबाई पुढे सरसावल्या. सासर कणकवली, माहेर आचरा, नणंद दिली मसुऱ्याला, त्या नणंदेच्या जाऊबाईंची सख्खी बहीण म्हणजे उलटीकाकींची भावजय. एवढं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. दर्शना एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभी होती.

"ता झाला," भाऊ म्हणाले. "पण सुतक येता काय?"

"काय?" दर्शना म्हणाली.

"आमच्यात कोण गेला तर ह्या बायेक सुतक येता काय? सुतक येता तो घरचो. नाय येता तो भायरचो. सोपा आसा."

भावजयीच्या बहिणीच्या जावेच्या वहिनीला सुतक येत नाही, यावर दोघांचंही एकमत झालं. दर्शनाच्या डोळ्यांत पाणी आलं. समोरच्या काकांनी मूगडाळ खाणं थांबवलं होतं.

"थांबा, थांबा!" शर्मिष्ठाबाई ओरडल्या. "माझ्या आईची आई परबांची होती!"

"खंयच्या परबांची?"

"आंब्याखालच्या!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. भाऊ उभे राहिले असावेत. "आंब्याखालचे? अगो, मगे ता तुझ्या आवशीचा आजोळ म्हणजे आमचाच घर!"

"मग येतं का सुतक?" दर्शनाने विचारलं. आयुष्यात कुणी इतक्या आशेने हा प्रश्न विचारला नसेल.

"येता," भाऊ म्हणाले. "पण आजोळचा. तीनच दिवसांचा. धा दिवसांचा असता तर मी म्हटलं असतं, रात्रभर धर. तीन दिवसांच्या सुतकात..." ते मनात हिशोब करत राहिले. "बाथरुमापुरतो धरूक हरकत नाय."

काकांनी टाळी वाजवली. दर्शनाने नारळ शर्मिष्ठाबाईंच्या ओंजळीत दिला आणि ती पळाली.

बाथरूमसमोर रांग होती. रांगेत पुढे एक बाई दोन मुलांना घेऊन होती आणि दोन्ही मुलांचं ठरत नव्हतं. दर्शना मोकळी होऊन हलक्या पावलांनी परत आली, तेव्हा जग सुंदर दिसत होतं. फक्त अर्ध्या बर्थचा दुसरा अर्धा रिकामा होता.

"आँटी गेल्या," काका म्हणाले.

"कुठे गेल्या?"

"टीसी आला ना. थ्री एसीत एक बर्थ आहे म्हणाला, आत्ता चला नाहीतर दुसऱ्याला देतो. गेल्या. मधलं दार उघडून नेलं त्यांना."

"आणि माझा नारळ?"

"नेला की. खाली ठेवायचा नाही म्हणाल्या. दोन्ही हातांत देवाचं काम, म्हणून टीसीनेच त्यांची बॅग उचलली." काकांनी पुडीतली शेवटची मूगडाळ तोंडात टाकली. "भला माणूस."

दर्शना मधल्या दाराकडे धावली. दार पुन्हा बंद झालं होतं. तिने थापा मारल्या. पलीकडून एसीचा थंडपणा आला, माणूस आला नाही. शर्मिष्ठाबाईंचा नंबर तिच्याकडे नव्हता. आजोळ कळलं होतं, सुतक कळलं होतं, नंबर राहिला होता.

ती बर्थवर येऊन बसली. 'नारळपाडी' नाही, ती विचार करत होती. त्यापेक्षा वाईट. 'नारळहरवी.' मुलांची लग्नं जमवताना लोक विचारतील, नारळहरवीचा मुलगा का?

तेवढ्यात फोन वाजला. भाऊ. व्हिडीओ कॉल.

काकांनी एव्हाना लाल शाल ओढून घेतली होती आणि ते आडवे झाले होते. शालीतून फक्त डोक्याचा वरचा भाग बाहेर दिसत होता. टक्कल, आणि बरोबर मध्यावर उरलेल्या केसांची एक बट. दर्शनाने फोन घेतला. गाडीच्या हिसक्यांनी कॅमेरा एकदा छताकडे, एकदा खिडकीकडे, आणि मग समोरच्या बर्थकडे गेला.

"झाला मा बाथरूम?" भाऊंचा चेहरा चौकोनाचौकोनांत आला. "नारळ दाखव बघूया. हां हां, थांब. हालव नको." त्यांनी डोळे बारीक केले. "बरो आसा. सुकलो जरा. शेंडी वायच वाकडी झाली दिसता."

दर्शना खोटं बोलली नाही. तिने फक्त कॅमेरा हलवला नाही.

"आणि ह्यो आवाज कसलो?"

"गाडीचा, भाऊ," दर्शना म्हणाली. काका त्या मानाने हळूच घोरत होते.

"नाय, नारळातसून येता."

"पाणी आहे आत..."

भाऊ आणखी जवळ आले. त्यांचा एक डोळा पूर्ण स्क्रीनभर झाला. त्याच वेळी काकांनी झोपेत हात वर नेला आणि डोकं खाजवलं. आणि गाडी बोगद्यात शिरली. स्क्रीन काळी झाली. कोकणातले बोगदे कुणी खोदले असतील त्यांचं तिने मनापासून कल्याण चिंतलं.

आता एकच माणूस उरला होता. तिने सासऱ्यांना फोन लावला.

"बाबा, एक काम आहे. पण आईंना कळता कामा नये."

पंचवीस वर्षं कारखान्यात रात्रपाळी केलेला माणूस मध्यरात्री उठायला कुरकुरत नाही. "बोल," लवू परब म्हणाले, आणि सगळं ऐकून घेतल्यावर फक्त, "आयला," असं म्हणाले. मग बनियन-लुंगीतच बर्थवरून उतरले. बाई थ्री एसीत गेल्या हे ठीक, पण अंधारात आपण टू टियरच्या दोन डब्यांपैकी कुठल्या टोकाला आहोत, हे त्यांना कळेना. म्हणून त्यांनी एका बाजूने सुरुवात केली. एकेक पडदा बाजूला करून ते आदबीने, दबक्या आवाजात विचारत गेले, "नारळ?"

पहिल्या पडद्यामागून उत्तर आलं, "कितने का दिया?"

दुसऱ्या पडद्यामागच्या बाईंनी पाणीवाला मागितला. तिसऱ्यामागच्या माणसाला मलई हवी होती. चौथा चिडला. "अरे भाई, रात को तो सोने दो! एसी में भी बेचने आ जाते हो?" पाचव्याने अर्धवट झोपेत नोट पुढे केली आणि "उधर रख दो," असं म्हणून पाठ फिरवली. लवू परबांनी नोट त्याच्या उशाशी परत ठेवली आणि ते पुढे सरकले. मागून मलईवाला विचारत होता, "अरे, लाया क्या?"

थ्री एसीच्या दुसऱ्या डब्यात त्यांना दिवा दिसला. खालच्या बर्थवर शर्मिष्ठाबाई बसल्या होत्या, मांडीवर नारळ. टीसीचं येणं, आजीचं माहेर, सुतकाचा निकाल, सगळं त्या रंगवून सांगत होत्या. आणि समोरच्या बर्थवर, निळी पिशवी मांडीवर घेऊन, ते सगळं ऐकत बसल्या होत्या नलिनीबाई.

लवू परब जागच्या जागी वळले.

"अहो," नलिनीबाई म्हणाल्या. "लुंगी नीट करा आणि इकडे या."

दर्शनाचा फोन वाजला. "सापडला," सासरे म्हणाले.

"देवा! बाबा, थँक्यू!"

"पण सापडला तो तुझ्या सासूच्या समोर."

दर्शनाला पुढचं ऐकू आलं नाही. गाडीचा वेग कमी होत होता. चिपळूण. गाडी नीट थांबायच्या आत ती दारात होती, आणि थांबल्याबरोबर प्लॅटफॉर्मवर, एसीच्या दिशेने. अर्ध्या वाटेत समोरून कुणीतरी विरुद्ध दिशेला धावत गेल्यासारखं वाटलं. तो निलेश होता. बायकोच्या मदतीला म्हणून तो जनरलमधून खिडकीतून उतरला होता, आणि घाईत स्लीपर ओलांडून पुढे जाऊन आता परत येत होता.

"दर्शना! मी आलो!"

"मी तिकडे चाललेय!"

"मग मी कुठे जाऊ?"

शिट्टी झाली. दर्शना थ्री एसीत चढली, निलेश स्लीपरमध्ये. तिथे त्याला एक पूर्ण रिकामा बर्थ दिसला. अर्धा बायकोचा, अर्धा शर्मिष्ठाबाईंचा. तो आडवा झाला आणि कुडाळपर्यंत उठला नाही. त्या रात्री बढती मिळाली ती एकट्या त्याला.

थ्री एसीत चौघं गंभीर बसले होते, चौथा नारळ. तो आता लवू परबांच्या हातात होता, कारण शर्मिष्ठाबाईंच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या सुतकाची मुदत संपली होती.

"तुझ्याच सासूला देत होते गं," त्या म्हणाल्या, "तर म्हणतात, माझी मांडी रिकामी नाही!"

नलिनीबाईंनी पिशवी थोडी जवळ ओढली. "खाली लागला का कुठे?" त्यांनी विचारलं.

"छे! टीसीने ओळखपत्र मागितलं तेव्हा गुडघ्यांत धरला, पण खाली? शपथ!"

"आई, माझं चुकलं," दर्शना म्हणाली. "मी खरं तर..."

"बस," नलिनीबाई म्हणाल्या. एवढंच. लवू परबांनी नारळ तिच्या मांडीवर दिला. दर्शनाने तो इतका घट्ट धरला की शेंडी हनुवटीला टोचायला लागली. सासूबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बघत होत्या. नारळाकडे नाही, दर्शनाकडे.

मग नलिनीबाईंचा फोन वाजला. भाऊ झोपले नव्हते.

दर्शनाने डोळे मिटले. आता नाव पडणार. किती अक्षरी असेल, एवढाच प्रश्न होता.

"नारळ?" नलिनीबाई फोनवर म्हणाल्या. "सुनेच्या मांडीवर आहे... हो, रात्रभर... घोरतो? भाऊ, नारळ कसा घोरेल? तुम्ही झोपा आता. रक्तदाब वाढेल."

त्यांनी फोन ठेवला. दर्शनाने एक डोळा उघडला.

"काय बघतेस?" नलिनीबाई म्हणाल्या. "घट्ट धर."

पुढे टीसी आला. दर्शनाकडे स्लीपरचं तिकीट होतं, ते तिने पुढे केलं. टीसीने तिकिटाकडे पाहिलं नाही. नारळाला हात जोडले आणि पुढे गेला.

पहाटे कणकवलीला शर्मिष्ठाबाई उतरल्या. यावेळी नंबर देऊन. खाली उतरल्यावरही खिडकीशी येऊन म्हणाल्या, "भाऊंना सांगा, ते सुतकाचं नक्की करा. उगाच उद्या पाळायची वेळ आली तर गोंधळ नको!"

कुडाळला उजाडलं होतं. प्लॅटफॉर्मवर भाऊ उभे होते. स्वेटर, मफलर, स्वेटरवर कोट. सूनबाई नारळ हातात घेऊन पायरी उतरली आणि भाऊंच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

"हाड बघूया," म्हणत त्यांनी नारळ मागायला हात पुढे केले. घरचेच ते, सुतक दहा दिवसांचं. धरायला हरकत नव्हती. त्यांनी नारळ फिरवून फिरवून पाहिला. कानाशी लावला. घोरत नव्हता. शेंडी सरळ होती. "काल वाकडी दिसली माका," ते पुटपुटले. मग मान हलवली, नाइलाजाने. "शाबास. नाव ठेवूक काय जागाच ठेवूक नाय तू."

दर्शनाच्या अंगातलं रात्रीचं सगळं ओझं उतरलं. निलेशने तिच्या खांद्यावर हात ठेवला. लवू परबांनी छाती पुढे काढली. सगळं मिळून फार सुंदर क्षण होता.

तेव्हा भाऊंचा फोन वाजला. तो होता कोटाखालच्या स्वेटरखालच्या शर्टाच्या खिशात. एका हाताने कोटाचं बटण निघेना. फोन वाजतच राहिला. उलटीकाकींचा होता, तो उचलायला उशीर झालेला त्यांना चालत नाही, हे भाऊंच्या घाईवरून कळत होतं. भाऊ वाकले, नारळ पायाशी ठेवला, दोन्ही हातांनी बटणं सोडवली, फोन काढला आणि म्हणाले, "हां, बोल. इली सगळी. नारळ एकदम बरो..."

आणि गप्प झाले. सगळेच गप्प झाले. नारळ प्लॅटफॉर्मवर शांत उभा होता, शेंडी वर करून.

"ही काय जमीन न्हय," भाऊ हळूच म्हणाले. "ही लादी आसा."

"पाय लागता मा?" दर्शनाच्या तोंडून निघून गेलं.

"मगे जमीन," लवू परब म्हणाले.

भाऊंच्या चेहऱ्यावर अशी अवकळा आली की, दर्शनाला त्यांचीच काळजी वाटली. नारळ गेला, रीत मोडली, आता देवळात काय न्यायचं? तेवढ्यात शेजारी चेन उघडल्याचा आवाज झाला. नलिनीबाईंनी निळ्या पिशवीत हात घातला आणि एक नारळ बाहेर काढला. लाल फडक्यात बांधलेला. फडकं वर्षानुवर्षं धुऊन धुऊन गुलाबी झालेलं.

"ह्यो खंयसून इलो?" भाऊ म्हणाले.

"घरातूनच. गाऱ्हाणं दोघांवर एकदमच घातलंय. घरातून निघाल्यापासून माझ्या खांद्यावर नाहीतर मांडीवर आहे." त्यांनी नारळ सुनेच्या हातात दिला. "घे. हा ने."

दर्शनाने त्या विटलेल्या फडक्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. घरातल्या एकट्या त्यांनाच नाव का पडलं नव्हतं, हे तिला आता नीट कळलं. तिने तो नारळ छातीशी धरला. नलिनीबाईंनी रिकामी निळी पिशवी सुनेच्या खांद्याला अडकवली.

भाऊंच्या हातातला फोन अजून चालू होता. "काय झाला?" उलटीकाकी विचारत होत्या. "सगळी गप कित्याक? कोण बोला तरी!"

"काही नाही काकी," निलेश मोठ्याने म्हणाला. त्याची झोप छान झाली होती. "भाऊंनी नारळ खाली ठेवला. म्हणतात, जमीन न्हय, लादी आसा."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. एका बाईने चाळीस वर्षं वाट पाहिली होती. आणखी थोडा वेळ घ्यायचा तिला हक्क होता.

"बरा," उलटीकाकी मग अगदी शांतपणे म्हणाल्या. "लादीभाऊ, घराकडे येवा. पेज थंड होता."

नारळ देवळाच्या पायरीवर पोचला. गाऱ्हाणं झालं. पहिल्या नारळाची दुपारी सोलकढी केली. सगळ्यांनी दोन दोन वाट्या घेतल्या. कुलूपवहिनीने तीन घेतल्या.

लादीभाऊंनी ताक मागितलं.